फिलाडेल्फियातली ऐतिहासिक ठिकाणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतातून पाहुणे आले की न्यूयॉर्क, नायगारा, वॉशिंग्टन ही यादी ठरलेली असते. फिलाडेल्फिया त्या यादीत शिरतं ते 'वाटेतच आहे, तर थांबू तासभर' म्हणून. त्या तासाभरात तडा गेलेली घंटा बघायची, 'रॉकी' सिनेमातल्या पायऱ्यांवर फोटो काढायचा आणि पुढं निघायचं. तेवढंच करायचं असेल तर एवढं वाचायची गरज नाही. ज्यांना एकदोन दिवस काढता येतात, आणि समोर दिसतंय त्यातलं मूळ किती, नंतरचं किती, असं विचारायची खोड आहे, त्यांच्यासाठी ही उत्तरं.

हे शहर बघायला किती वेळ हवा?

जुन्या शहरासाठी एक पूर्ण दिवस, आणि ईस्टर्न स्टेट तुरुंग व कला संग्रहालय यांसाठी दुसरा. एकच दिवस असेल तर जुनं शहर बघा आणि दुपारनंतर तुरुंग. संग्रहालय घाईत बघण्यात अर्थ नाही.

जुन्या शहरात अंतरं अगदी थोडी आहेत. विल्यम पेन या क्वेकर पंथाच्या माणसानं १६८२ साली हे शहर वसवलं ते सरळ रेघा मारून. डेलावेअर नदीला समांतर जाणाऱ्या रस्त्यांना नदीपासून आत मोजत आकडे, आणि त्यांना छेदणाऱ्या बऱ्याच रस्त्यांना झाडांची नावं : चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन. 'पाचवा आणि चेस्टनट' म्हटलं की चौक सापडलाच. बघण्यासारखं बहुतेक सगळं दुसऱ्या ते सातव्या रस्त्याच्या मध्ये आहे, त्यामुळे गाडी एकदा लावली की संध्याकाळपर्यंत विसरा.

इंडिपेंडन्स हॉलला तिकीट लागतं का?

लागतं, आणि इथंच निम्म्या लोकांची फसगत होते. वर्षातले बहुतेक महिने, साधारण मार्च ते डिसेंबर, आत जायला वेळ छापलेलं तिकीट लागतं. तिकीट फुकट आहे; ऑनलाइन राखून ठेवायचं तर माणशी एक डॉलर शुल्क पडतं. हे आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर होतं. 'फुकट आहे ना, मग जाऊन बघू' म्हणणारे उन्हाळ्यात बाहेरच्या लॉनवरून फोटो काढून परत येतात. कडाक्याच्या थंडीत, जानेवारी-फेब्रुवारीत, सहसा तिकिटाशिवाय सोडतात. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याआधी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या पानावर नजर टाकाच.

छापलेल्या वेळेच्या निदान अर्धा तास आधी पोहोचा. आवारात शिरण्यापूर्वी सुरक्षा तपासणी असते आणि तिथं रांग लागते. आजोबांच्या खिशातला फळं कापायचा चाकू गाडीतच ठेवायला सांगा.

आत नेमकं काय दिसतं? आणि ते खरं आहे का?

इमारत खरी आहे. पेनसिल्व्हेनिया वसाहतीचं सभागृह म्हणून १७३२ साली ती बांधायला घेतली. ४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा इथंच मंजूर झाला आणि १७ सप्टेंबर १७८७ रोजी राज्यघटनेवर सह्याही इथंच झाल्या. दोन्ही गोष्टी एकाच खोलीत. शंभर डॉलरच्या नोटेच्या मागच्या बाजूला हीच इमारत आहे. नोट सोबत असेल तर मुलांना ताडून बघायला द्या.

असेंब्ली रूम पहिल्यांदा बघताना बरेच जण थोडे खट्टू होतात. हिरवट कापड अंथरलेली टेबलं, त्यांवर पिसांची टाकं, मेणबत्त्या, खुर्च्या. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या नगर वाचनालयाच्या सभागृहापेक्षा फार मोठं नाही. त्यातलं बहुतेक सामान त्या काळचं आहे, पण त्या खोलीतलं नव्हे. १७७७-७८ मध्ये शहर ब्रिटिशांच्या ताब्यात होतं, तेव्हा मूळ सामानाची वाट लागली. मात्र समोरच्या चौथऱ्यावरची उंच पाठीची खुर्ची नीट बघा. ती अस्सल आहे. १७८७ च्या घटना परिषदेत जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्ष म्हणून तिच्यावर बसले होते. पाठीच्या वरच्या टोकाला अर्धा सूर्य कोरलेला आहे. परिषद संपताना म्हाताऱ्या बेंजामिन फ्रँकलिननं सांगितलं, की हा सूर्य उगवतोय की मावळतोय हे इतके दिवस मला ठरवता येत नव्हतं. आता कळलं, उगवतोय. कठड्याच्या अलीकडूनही तो सूर्य दिसतो, फक्त गाईडचं बोलणं चालू असताना पुढं सरकून उभं राहावं लागतं.

बाहेरून दिसणारा मनोराही मूळचा नाही. पहिला लाकडी मनोरा कुजला म्हणून १७८१ मध्ये उतरवला. आत्ताचा विल्यम स्ट्रिकलँडनं १८२८ मध्ये उभारला.

हॉल बघून झाल्यावर लोक थेट घंटेकडे पळतात आणि शेजारचा काँग्रेस हॉल राहून जातो. तसं करू नका. १७९० ते १८०० फिलाडेल्फिया ही देशाची राजधानी होती आणि संसद या इमारतीत भरायची. १७९७ मध्ये वॉशिंग्टन यांनी पायउतार होऊन जॉन अ‍ॅडम्स यांच्याकडे सूत्रं दिली ती इथं. निवडून आलेला एक अध्यक्ष जातो, दुसरा येतो आणि कुणाचं डोकं फुटत नाही, हे त्या काळी नवलच होतं.

जाहीरनाम्याची मूळ प्रत तिथं बघायला मिळते?

नाही. सह्यांची मूळ प्रत वॉशिंग्टनला राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. इथं हॉलच्या पश्चिमेकडच्या खोलीत जाहीरनाम्याची त्या काळी छापलेली प्रत आणि चांदीची एक दौत आहे. फिलिप सिंग या कारागिरानं १७५२ साली घडवलेली ही दौत दोन्ही वेळच्या सह्यांना वापरली, असं मानतात. खोली लहान आहे. दहा मिनिटं पुरतात.

जाता जाता आणखी एक गैरसमज. सगळ्यांनी ४ जुलैला रांगेनं सह्या केल्या असं चित्र डोक्यात असतं. स्वातंत्र्याच्या ठरावावर मतदान झालं २ जुलैला, मजकूर मंजूर झाला ४ तारखेला, आणि बहुतेक सह्या झाल्या २ ऑगस्टला. सातव्या रस्त्यावर जेफरसननं ज्या घरात मसुदा लिहिला ते 'डिक्लरेशन हाउस' दाखवतात, तेही १९७५ मध्ये नव्यानं बांधलेलं आहे. बाहेरून बघून पुढं गेलात तरी चालेल.

लिबर्टी बेलसाठी एवढी रांग का असते? त्या घंटेत आहे काय?

रांग तपासणीची असते. तिकीट लागत नाही, पैसे पडत नाहीत, म्हणून गर्दी. सकाळी उघडतानाच गेलात तर पंधरावीस मिनिटांत आत. अगदीच वेळ नसेल तर चेस्टनट रस्त्याच्या बाजूनं काचेतूनही घंटा दिसते.

ही घंटा १७५१ मध्ये लंडनहून मागवली. दुसऱ्या वर्षी आली आणि वाजवून बघतानाच तडकली. मग जॉन पास आणि जॉन स्टो या इथल्याच दोघा ओतकामगारांनी ती वितळवून पुन्हा ओतली. आवाज कुणाला पसंत पडेना, म्हणून आणखी एकदा ओतली. दोघांची नावं घंटेवर आहेत. वजन २,०८० पौंड, म्हणजे साधारण साडेनऊशे किलो.

आता तो प्रसिद्ध तडा. फोटोत दिसते ती रुंद फट म्हणजे खरं तर दुरुस्ती आहे. १८४६ मध्ये वॉशिंग्टन यांच्या जयंतीला घंटा वाजवायची होती. आधी पडलेल्या बारीक तड्याच्या कडा एकमेकींवर घासून आवाज चिरकू नये म्हणून कारागिरांनी तो मुद्दाम कोरून रुंद केला. जवळून बघा, फटीच्या कडेला छिन्नीछिद्रांच्या खुणा दिसतात. एवढं करूनही जयंतीला वाजवताना त्या फटीच्या वरच्या टोकापासून दुसरा, केसासारखा तडा गेला, आणि घंटा कायमची गप्प झाली. हा दुसरा तडा लोक बघतच नाहीत, कारण सगळे रुंद फटीसमोर सेल्फी काढत असतात. तेवढ्यात राज्याच्या नावाचं स्पेलिंगही वाचून घ्या : एक एन कमी आहे. त्या काळी तेही चालायचं.

'लिबर्टी बेल' हे नाव स्वातंत्र्ययुद्धातलं नव्हे. घंटेवर बायबलमधली ओळ आहे, देशातल्या सर्व रहिवाशांना स्वातंत्र्य घोषित करा अशा अर्थाची. १८३० च्या दशकात गुलामगिरीविरोधी चळवळीच्या लोकांनी त्यातल्या 'सर्व' या शब्दावर बोट ठेवलं आणि हे नाव रूढ केलं.

घंटेच्या दालनाबाहेर अर्धवट भिंती दिसतात, त्या कसल्या?

त्या आधी बघा आणि मग घंटेकडे जा, असं मी म्हणेन. राजधानीच्या काळात राष्ट्राध्यक्षांचं घर या जागी होतं. वॉशिंग्टन इथं राहायचे तेव्हा त्यांनी नऊ गुलाम माणसं सोबत ठेवली होती. त्यांतली ओनी जज ही तरुणी १७९६ मध्ये या घरातून निसटली आणि पुन्हा हाती लागली नाही. तिला परत आणायचे प्रयत्न खुद्द राष्ट्राध्यक्षांनी केले. हर्क्युलीस नावाचा नावाजलेला स्वयंपाकीही पुढं व्हर्जिनियातल्या मळ्यावरून पळाला. जमिनीतला पाया काचेखाली दिसतो. तिथून घंटेचं दालन काही पावलांवर आहे, आणि 'सर्व रहिवाशांना' ही ओळ मग वेगळी वाचली जाते.

फ्रँकलिनचं घर कुठं आहे?

आता कुठंच नाही. १८१२ मध्येच पाडलं. ते कसं दिसायचं याचं चित्र उपलब्ध नाही, म्हणून १९७६ मध्ये वास्तुविशारद रॉबर्ट व्हेंचुरी यांच्या कार्यालयानं खोटं घर उभं न करता नुसता पोलादी सांगाडा उभा केला : छपराची रेघ, भिंतींच्या कडा, आत मोकळी हवा. मार्केट रस्त्यावरच्या एका बोळकंडीतून आत गेलं की हा चौक लागतो. जमिनीत बसवलेल्या झरोक्यांतून खालचा जुना पाया दिसतो, आणि फरशीवर फ्रँकलिन व त्याची बायको डेबोरा यांच्या पत्रांतली घराबद्दलची वाक्यं कोरली आहेत. माहीत नाही ते माहीत नाही असं उघड सांगणारं स्मारक मला या शहरातल्या बाकी सगळ्या पुनर्बांधणीपेक्षा जास्त आवडतं. खाली संग्रहालय आहे, त्याला तिकीट आहे.

फ्रँकलिनची कबर पाचव्या आणि आर्च रस्त्याच्या कोपऱ्यावर, ख्राइस्ट चर्चच्या दफनभूमीत. साधा आडवा दगड, त्यावर फक्त बेंजामिन आणि डेबोरा फ्रँकलिन ही नावं आणि १७९० साल. कुंपणाच्या गजांतून लोक त्यावर पैसे टाकतात. काटकसरीचे धडे देणाऱ्या माणसाच्या कबरीवर पैसे उधळायचे, हे त्याला आवडलं असतं का देव जाणे. दगडाला मात्र नाण्यांनी इजा झाली आहे. तुम्ही टाकू नका.

बेट्सी रॉसनं पहिला झेंडा शिवला, ते घर बघावं का?

लहान मुलं सोबत असतील तर बघा. गोष्ट छान सांगतात. पण ती पहिल्यांदा जाहीरपणे सांगितली तिच्या नातवानं, १८७० मध्ये, म्हणजे जवळपास शंभर वर्षांनी. समकालीन पुरावा नाही. वेळ कमी असेल तर त्याऐवजी जवळची एल्फ्रेथ्स अ‍ॅली ही गल्ली चाला. अठराव्या शतकापासून लोक जिथं सलग राहत आले आहेत असा हा रस्ता. दोन्ही बाजूंना विटांची ३२ घरं, रंगीत झडपा, खाली गोटे. लोक आजही तिथं राहतात, तेव्हा खिडक्यांना नाक लावू नका.

सिटी हॉलच्या टोकावर जाता येतं?

येतं, वेळेचं तिकीट काढून. लिफ्ट इवलीशी आहे, मोजकीच माणसं मावतात, त्यामुळे तिकिटं लवकर संपतात. १९०१ मध्ये पूर्ण झालेली ही ५४८ फुटी इमारत काही वर्षं जगातली सर्वांत उंच वापरातली इमारत होती, आणि तीही दगडविटांच्या भिंतींवर उभी. टोकावर पेनचा ३७ फुटी पुतळा आहे. पेनच्या टोपीपेक्षा उंच काही बांधायचं नाही असा अलिखित संकेत १९८७ पर्यंत पाळला गेला. तो मोडल्यावर शहराचे संघ हरायला लागले म्हणून लोकांनी 'पेनचा शाप' शोधून काढला. शेवटी नव्या सर्वांत उंच इमारतीच्या माथ्यावर पेनची छोटी मूर्ती बसवली, आणि २००८ मध्ये बेसबॉलचा संघ जिंकला. अंधश्रद्धा फक्त आपल्याकडेच असतात असं समजणाऱ्यांना ही गोष्ट जरूर सांगावी.

तुरुंग काय बघायचा?

माझं मत विचाराल तर ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी ही या शहरातली सर्वांत जबरदस्त जागा आहे. १८२९ मध्ये सुरू झाली, १९७१ मध्ये बंद पडली. क्वेकर विचारांच्या सुधारकांना वाटलं, की कैद्याला फटके मारण्यापेक्षा एकटं ठेवावं. एकांतात तो आपल्या कृत्याचा विचार करेल, पश्चात्ताप करेल. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र कोठडी, छतात एक लहान झरोका, मागं फिरायला भिंतीआडचं अंगण. कोठडीबाहेर काढताना डोक्यावर बुरखा घालायचे, दुसरा कैदी दिसू नये म्हणून. चार्ल्स डिकन्सनं १८४२ मध्ये हे बघितलं आणि शरीराच्या छळापेक्षा मनाचा हा छळ भयंकर, असा शेरा दिला.

मधल्या गोलात उभं राहिलं की सगळीकडे लांब बोळ किरणांसारखे पसरलेले दिसतात. अंदमानचं सेल्युलर जेल पाहिलेल्या माणसाला हा नकाशा आणि एकेकट्या कोठड्या चटकन ओळखू येतील. जगभरच्या शेकडो तुरुंगांनी जॉन हॅविलँडच्या या आराखड्याचं अनुकरण केलं.

इथं डागडुजी करून सगळं चकचकीत केलेलं नाही. पडझड आहे तशी थोपवून धरली आहे : पापुद्रे सुटलेला रंग, गंजलेल्या खाटा, झरोक्यातून उतरणारा उन्हाचा एक चौकोन. शिकागोचा कुख्यात गुंड अल कपोन इथं १९२९-३० मध्ये होता. त्याच्या कोठडीसमोर गर्दी असते. ऑडिओ टूर घ्या, त्यात जुन्या कैद्यांचे आणि रखवालदारांचे आवाज आहेत. हिवाळ्यात आत बाहेरइतकंच गार असतं, जाकीट काढू नका.

आणि त्या 'रॉकी'च्या पायऱ्या?

कला संग्रहालयाच्या ७२ पायऱ्या. पळा, फोटो काढा, पण तिथून खाली उतरू नका, आत जा. आत मदुराईच्या मदनगोपाल स्वामी मंदिराचा कोरीव खांबांचा अख्खा मंडप उभा आहे. अ‍ॅडलिन पेपर गिब्सन या फिलाडेल्फियाच्या बाईंनी १९१२ मध्ये मदुराईला गेल्या असताना मंदिराच्या आवारात पडलेले हे दगड विकत घेतले. त्यांच्या मृत्यूनंतर घरच्यांनी १९१९ मध्ये ते संग्रहालयाला दिले. पुढं भारतीय कलेच्या मोठ्या अभ्यासक स्टेला क्रामरिश इथं अनेक वर्षं क्युरेटर होत्या. आपल्याकडचे पाहुणे या दालनात अडखळतात हे नक्की : चपला काढाव्यात की काय, असं क्षणभर वाटतं. आठवड्यातले एकदोन दिवस संग्रहालय बंद असतं, ते आधी बघून घ्या.

आनंदीबाई जोशी इथंच शिकल्या ना? तिथं जाता येईल का?

मराठी घरातून आलेला हा हमखास प्रश्न. हो, इथंच. वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियात त्यांनी १८८३ मध्ये प्रवेश घेतला आणि ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळवली, वयाची एकवीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पदवीदानाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. नऊवारी नेसलेल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली असा तिघींचा १८८५ चा फोटो तुम्ही पाहिला असेल. तो याच शहरातला.

पण पर्यटनस्थळ म्हणून दाखवावं असं काही नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. कॉलेज तेव्हा नॉर्थ कॉलेज अ‍ॅव्हेन्यूवर, जिरार्ड कॉलेजच्या मागच्या बाजूला होतं. १९३० च्या सुमारास ते ईस्ट फॉल्स भागात गेलं, पुढं इतर संस्थांत विलीन झालं आणि आता त्याचा वारसा ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे आहे. जुनी कागदपत्रं त्यांच्या अभिलेखागारात आहेत. अभ्यासक असाल तर आधी लिहून वेळ घ्या; बरंचसं ऑनलाइनही पाहता येतं. ईस्टर्न स्टेटपासून जिरार्ड कॉलेजची उंच दगडी भिंत लांब नाही, तेव्हा गाडीनं त्या बाजूला एक फेरी मारता येईल.

ज्यांना खरंच नमस्कार करायला जायचं आहे त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीला जावं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाई गेल्या, आणि त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाकडे पाठवल्या गेल्या. थिओडिशिया कार्पेंटर यांनी त्यांना अमेरिकेत मायेनं सांभाळलं होतं. त्या कुटुंबाच्या दफनभूमीतल्या जागेत आनंदीबाईंचा दगड आहे. फिलाडेल्फियाच्या सहलीत ते बसत नाही. न्यूयॉर्कहून वेगळा दिवस काढा. हडसनच्या काठानं आगगाडी जाते.

आई-बाबांचे गुडघे दुखतात. झेपेल का?

जुनं शहर सपाट आहे, बाकंही भरपूर आहेत. इंडिपेंडन्स हॉलचा तळमजला सोपा, वरच्या मजल्याला जिना. एल्फ्रेथ्स अ‍ॅलीतले गोटे काठी घेऊन चालणाऱ्यांना त्रासाचे. स्वच्छतागृहाची सोय सहाव्या आणि मार्केट रस्त्यावरच्या व्हिजिटर सेंटरमध्ये करून मगच हॉलच्या रांगेत लागा; तपासणीतून एकदा बाहेर आलं की पुन्हा रांग. संग्रहालयाला पायऱ्या न चढता मागच्या बाजूनं आत जाता येतं.

शाकाहारी माणसानं खायचं काय?

शहराचं नाव ज्या चीजस्टेकशी जोडलेलं आहे तो गोमांसाचा असतो, हे आधीच सांगून ठेवा. नाव ऐकून 'चीजच आहे ना' म्हणत घेणारे भेटतात. बाराव्या रस्त्यावरचं रीडिंग टर्मिनल मार्केट, १८९३ पासूनचं, सगळ्यांची सोय करतं. जुन्या रेल्वे स्थानकाच्या शेडखालची ही मंडई. आमिश या जुन्या चालीनं राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या दुकानांतले गरम प्रेट्झेल समोर वळून भाजतात, वर लोणी फासतात. आमिश दुकानं रविवारी बंद असतात, तेव्हा शनिवारी किंवा आठवड्यात जा. दुपारी बाराला बसायला जागा मिळणार नाही, अकराला मिळेल.

जायचं कसं?

न्यूयॉर्कहून अ‍ॅमट्रॅकनं दीड तासाच्या आसपास. स्वस्तात हवं तर न्यू जर्सी ट्रान्झिटनं ट्रेंटनपर्यंत आणि तिथून सेप्टाची लोकल. वेळ जास्त, पैसे कमी. तिसाव्या रस्त्याच्या स्थानकातून मार्केट रस्त्याखालची 'एल' गाडी पकडा, पाचव्या रस्त्याला उतरलं की हॉल समोरच. गाडीनं आलात तर व्हिजिटर सेंटरच्या खालचं वाहनतळ सोयीचं. मागच्या सीटवर बॅगा दिसतील अशा ठेवू नका. हे कुठल्याही मोठ्या शहरात लागू आहे.

४ जुलैला जावं का?

मिरवणूक आणि आतषबाजी बघायची असेल तर जा. इमारती बघायच्या असतील तर मुळीच नको : गर्दी, उकाडा, बंद रस्ते. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम.

व्हॅली फोर्ज जोडून करावं का?

गाडी असेल आणि तिसरा दिवस असेल तर. शहरापासून साधारण पाऊण तास. १७७७-७८ चा हिवाळा वॉशिंग्टन यांच्या सैन्यानं इथं काढला. लढाई झाली नाही, तरी सुमारे दोन हजार माणसं बहुतांशी रोगराईनं गेली. आता मोकळी कुरणं, पुन्हा बांधलेल्या लाकडी खोपट्या आणि वॉशिंग्टन यांचं मुख्यालय असलेलं दगडी घर. खोपट्या नव्या, दगडी घर जुनं. आवार मोठं आहे, गाडीनं थांबत थांबत फिरा, आणि डबा सोबत न्या.